पर्यायी ऊर्जेची गल्ली

"फडकं काढा! ए, कानात मेण ओतलंय का? आधी ते फडकं काढा!"

नेरेइदा शिडीच्या अर्ध्यावर होती, पण तिचा आवाज तिच्याआधीच गच्चीवर पोचला होता. वर तिघे जण उभे होते: कडक इस्त्रीच्या शर्टातला वॉर्डाचा प्रतिनिधी ओस्मानी, हातात ध्वनिमुद्रक घेतलेली रेडिओवरची एक पोरगी आणि एक डोळा मिटून कॅमेऱ्यात बघणारा फोटोवाला. मध्ये नेरेइदाचं सौर पॅनेल होतं, आणि त्या पॅनेलच्या कोपऱ्यावरून लाल कापड सोडलं होतं. त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'कल्पकतेने अंधारावर मात'.

"मावशी, फडकं नाही हो. बॅनर आहे," ओस्मानी म्हणाला.

"बॅनर असो नाहीतर तुझ्या बायकोचा परकर! खाली पंखा थांबलाय माझा!"

खालून तिच्या नवऱ्याची, फेर्मिनची हाक आलीच. "ने... रे! वा... रा!"

ओस्मानीला काही कळेना. एवढं मोठं पॅनेल, बॅनरने झाकला होता जेमतेम एक कोपरा, तेवढ्याने पंखा कसा थांबेल? नेरेइदाने ते कापड खसकन ओढलं, त्याचा बोळा केला आणि ओस्मानीच्या छातीवर मारला. खाली पंखा पुन्हा गरगरायला लागला. "छत्तीस चकत्या एकामागे एक बांधल्यात," ती म्हणाली. "एकीच्या डोळ्यावर अंधारी आली की सगळ्याच बसतात. तुमच्या बैठकांसारखं नाहीये हे. तिथं एक जण जागा असला तरी चालतं."

रेडिओवरची पोरगी फिसकन हसली आणि लगेच गंभीर झाली.

खरं तर नेरेइदा केकवाली. क्यूबातल्या पुएर्तो लिंदेरो गावातल्या सरकारी बेकरीत तिने सगळा जन्म केकवर मेरिंग्यूची, म्हणजे अंड्याच्या गोड फेसाची फुलं काढली. गावातली पोरगी पंधरा वर्षांची झाली की तिच्या वाढदिवसाचा तीन मजली केक नेरेइदाच्याच हातचा. ओस्मानीच्या लग्नाचाही तिनेच केला होता, त्यावर निळ्या साखरेचे दोन हंस होते, आणि त्यातल्या एका हंसाची मान ओस्मानीनेच चोरून खाल्ली होती. मग अंडी संपली, मग मैदा संपला, मग बेकरीत नुसताच पाव उरला आणि शेवटी पावाचीही नुसती रांग उरली. त्याच सुमाराला फेर्मिनला अर्धांगवायू झाला. ट्रक चालवणारा, दारातून आत येताना वाकावं लागणारा उंचापुरा माणूस, त्याची उजवी बाजू एका सकाळीत परकी झाली. तोंड वाकडं झालं, शब्द तुटले. चेष्टा तेवढी शाबूत राहिली.

अंथरुणाला खिळलेल्या माणसाला काय लागतं? वारा. वारा नसला की पाठ घामाने भिजते, भिजली की कातडी सुटते, कातडी सुटली की जखमा. डास तर वेगळेच. आणि वीज दिवसभर नसायची. नेरेइदा हाताने वारा घालायची. उजवा खांदा इतका सुजला की वेणी घालायला हात वर जाईना, म्हणून तिने केस कापून टाकले.

पण गप्प बसणाऱ्यातली ती नव्हतीच. पॅनेलं जोडायच्या कारखान्यातून फेकून दिलेल्या चकत्या कुणीतरी बिस्किटाच्या डब्यातून विकत होता. तिने घरातली शेवटची कॉफी दिली आणि डबा घेतला. निळसर-काळ्या, पापडाहून पातळ चकत्या. जोरात शिंकलं तरी तडकतील. कुणाचा कोपरा गेलेला, कुणी अर्धीच. तिने जमिनीवर पसरून सारख्या आकाराच्या निवडल्या, कारण साखळीत एक जरी छोटी आली तरी बाकीच्यांनाही तिच्याइतकंच देता येतं. डाग द्यायला वीज नाही, म्हणून लोखंडी दांडा कोळशावर तापवला. पाइनचा चीक दारूत विरघळवून लावला, म्हणजे कथील नीट धरतं. कथलाचा थेंब पट्टीवर ओढताना तिचं मनगट मेरिंग्यू ओढायचं तसंच फिरायचं. पहिल्या दिवशी तिने चार मोडल्या आणि एवढ्या शिव्या घातल्या की शेजारच्या मिग्दालियाने खिडकी लावून घेतली.

मोडक्या खिडकीची काच वर घातली. प्रत्येक चकती काचेला सिलिकॉनच्या एकाच ठिपक्याने चिकटवली, कारण उन्हात काच फुगते, आणि सगळीकडून चिकटवलेली चकती उन्हात चिरते. फेर्मिनच्या भंगारात गेलेल्या ट्रकच्या केबिनमधला छोटा पंखा काढून आणला. वीज साठवायला बॅटरी नव्हती, कुणाकडेच नव्हती. पण भर दुपारी, सिमेंटचं छप्पर तव्यासारखं तापलं की वर पॅनेल जागं व्हायचं आणि खाली पंखा. ज्या उन्हाने भाजून काढलं त्याच्याच मानगुटीवर बसून तिने वारा काढला होता. दिवस असा निघायचा. रात्री गल्लीला वीज मिळायची आणि घरातला मोठा पंखा चालायचा.

एवढाच सगळा खटाटोप. एक माणूस, एक पंखा.

"आता दोन शब्द बोला मावशी," ओस्मानी म्हणाला. रेडिओवरच्या पोरीने लाल बटण दाबलं आणि त्याचा आवाजच बदलला. "कॉम्रेड नेरेइदा, आपल्या या क्रांतिकारी कल्पकतेमागची प्रेरणा काय?"

"मगाशी मावशी होते, आता कॉम्रेड झाले होय रे?"

"मावशी, रेकॉर्ड होतंय!"

नेरेइदा त्यांना शिडीवरून ढकलून देणार होती, अगदी मनापासून. पण खालून फेर्मिन ओरडला, "ने... रे! मा... झं ना... व!" त्याला रेडिओचं वेड होतं. ट्रकमध्ये रेडिओ लावून तो अख्खं बेट फिरला होता. आपलं नाव रेडिओवर येणार म्हणून त्याचं वाकडं तोंड आणखी वाकडं झालं होतं, म्हणजे तो हसत होता.

म्हणून ती बोलली. "प्रेरणा कसली आलीये? मला पॅनेल नको होतं, मला वीज हवी होती. नवरा फेर्मिन आजारी आहे. आमच्या गल्लीला कुणी कुत्रं विचारत नाही, म्हणून आमची गल्ली कुणावर अवलंबून नाही. झालं? उतरा आता."

रविवारी सगळी गल्ली मिग्दालियाच्या सेलवर चालणाऱ्या रेडिओभोवती जमली. फेर्मिनला खुर्चीतून दारात आणून बसवलं. आणि रेडिओवर नेरेइदाचा आवाज आला: "आमची गल्ली कुणावर अवलंबून नाही." बस. मागून संगीत. मग निवेदिका म्हणाली की, क्यूबातल्या एका साध्या स्त्रीने अख्ख्या वस्तीला पर्यायी ऊर्जेचा मार्ग दाखवला आहे.

"अख्ख्या वस्तीला?" नेरेइदा किंचाळली. "आणि कुत्रं कुठं गेलं? माझं कुत्रं कापलं त्यांनी!"

लोक पोट धरून हसले. मिग्दालियाने तिला मिठी मारली, "बाई गं, मोठी झालीस!" फेर्मिनचं नाव आलंच नव्हतं. त्याने रेडिओकडची मान फिरवली. म्हणाला, "आ... त ने."

आणि पुढच्याच आठवड्यात रात्रीची वीज गेली.

आधी वाटलं, बिघाड असेल. दुसऱ्या दिवशीही गेली, तिसऱ्या दिवशीही. पलीकडच्या गल्लीत दिवे, इकडे काळोख. मिग्दालिया वीज कार्यालयात जाऊन भांडून आली. तिच्या लेकीचं बाळ अवघं दीड महिन्याचं, डासांनी त्याचं कपाळ फोडून काढलं होतं. ती परत आली ती सरळ नेरेइदाच्या दारात.

"गट बदललाय आपला," ती म्हणाली. "रात्रीची वीज मिळणाऱ्या गटातून काढलं. का, ते ठाऊकाय? म्हणे तुमच्या गल्लीत पर्यायी ऊर्जा आहे! रेडिओवर ऐकलंय त्यांनी!"

"पर्यायी... अगं, रात्री ऊन कुठलं?"

"ते मला नको विचारूस. तू बोललीस ना रेडिओवर? तोंड आवरत नाही तुला कधी!"

"मी जे बोलले ते त्यांनी कापलं!"

"कापलं की चिकटवलं, माझ्या नातवाला काय त्याचं? तुझ्या त्या काचेपायी आमच्या रात्री गेल्या. दिवसा तुझा नवरा गारेगार, आणि रात्री आम्ही सगळे मरतोय!"

गारेगार! नेरेइदाच्या हातात रताळं सोलायची सुरी होती. ती तिने खाली ठेवली, कारण ठेवायला हवी होती. फेर्मिनच्या पाठीवर दोन जखमा उघडल्या होत्या. रात्रभर ती त्याला वारा घालत बसायची आणि पहाटे हात बधिर होऊन गळून पडायचा. पण हे मिग्दालियाला सांगायचं म्हणजे दया मागायची. तिने दार लावून घेतलं, एवढ्या जोरात की चौकटीचं प्लास्टर पडलं.

मग बोलणी सुरू झाली. पाण्याच्या रांगेत, पावाच्या रांगेत. "आली बघा, सूर्याची बायको!" "अगं, तुला कसली रांग? तुझी गल्ली कुणावर अवलंबून नाही ना?" ज्या बायांच्या लेकींचे केक तिने केले त्याच बाया. नेरेइदाही कमी नव्हती, एकेकीला अशी उत्तरं द्यायची की रांगेतल्या म्हाताऱ्यांना टाळ्या वाजवाव्याशा वाटायच्या. पण घरी येऊन ती भिंतीवर मूठ मारायची. राग त्यांचा येत होता, पण त्याहून जास्त राग याचा येत होता की या सगळ्या तिच्याच दाराशी येऊन भांडत होत्या. कार्यालयाचं दार काय त्यांना दिसत नव्हतं?

मग वॉर्डाची सभा लागली. सभा म्हणजे गल्लीतच. संध्याकाळी ज्याने त्याने आपापली खुर्ची उचलून आणायची आणि रस्त्यावर मांडायची. नेरेइदाने फेर्मिनला खिडकीशी बसवलं, म्हणजे त्याला सगळं दिसेल, आणि आपली खुर्ची अगदी पुढे मांडली.

ओस्मानी आला. इस्त्री तीच. हातात चौकटीत घातलेलं प्रशस्तिपत्र. त्याने ते वाचून दाखवलं, टाळ्यांसाठी थांबला. टाळ्या वाजल्या नाहीत. कुणीतरी डास मारला तेवढाच आवाज.

"ओस्मानी, प्रशस्तीचा वारा येतो का रे?" नेरेइदाने विचारलं. "आमच्या रात्री परत कधी देतोयस ते सांग."

"मावशी, गट मी ठरवत नाही. वरून ठरतं. कागदावर या गल्लीत पर्यायी ऊर्जा आहे, त्याला मी काय करू?"

"गच्चीवर तू चढला होतास! एक पंखा चालतो त्यावर, तोही उन्हात. तुझ्या फडक्याने बंद पडला होता, विसरलास?"

"मला माहितीये हो मावशी. पण कागदावर..." त्याने घाम पुसला, मग आवाज खाली आणला, जणू मोठी सोय करतोय. "एक मार्ग आहे. प्रांताच्या राजधानीत कल्पकतेचं प्रदर्शन भरतंय. आपलं पॅनेल तिकडे पाठवू. कायमचं. सन्मानाने. म्हणजे मग गल्लीत पर्याय उरत नाही. मी तसं कळवतो, ते गट बदलतात. उद्यासुद्धा होईल."



नेरेइदाला आधी वाटलं, आपण नीट ऐकलं नाही. मग कळलं की नीट ऐकलंय. दिवस द्या आणि रात्री घ्या. फेर्मिनच्या दुपारी द्या, मग सगळ्यांच्या रात्री. तिने मागे वळून खुर्च्यांच्या रांगांकडे पाहिलं. कुणीतरी उठून म्हणेल, असं कसं? कुणीतरी ओस्मानीला म्हणेल, अरे गाढवा, गट चुकीचा आहे तर गट बदल, तिचं पॅनेल कशाला पाहिजे?

"मतदान घेऊ," ओस्मानी म्हणाला. "पॅनेल प्रदर्शनाला पाठवावं असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करावेत."

पहिला हात मिग्दालियाचा. दुसऱ्या हातावर बाळ होतं. तिने नेरेइदाकडे पाहिलं नाही. मग तिच्यामागचा हात, मग त्याच्यामागचा, मग दोन्ही बाजूंनी, हळूहळू, खाली बघत बघत, जवळजवळ सगळ्यांचे. याच गल्लीत वीज परत आली की सगळे घराबाहेर येऊन 'आली!' म्हणून ओरडायचे, तेव्हाही हात असेच वर जायचे.

"संमत," ओस्मानी म्हणाला. त्याला सुटल्यासारखं वाटलं, चेहऱ्यावर दिसत होतं.

नेरेइदा उठली. घरात गेली. लोकांना वाटलं आता ती कोयता घेऊन येणार. ती गच्चीवर चढली, पॅनेल सोडवलं, पाठीवर घेऊन शिडी उतरली आणि ते खिडकीशी, फेर्मिनसमोर आणून ठेवलं. पंखा त्याचा होता. त्यालाच विचारायला हवं होतं. दोघांत काय बोलणं झालं ते रस्त्यावर ऐकू गेलं नाही. शेवटचा शब्द तेवढा फेर्मिनने सगळी ताकद लावून काढला.

"का... प!"

तिने रस्त्याच्या मधोमध पॅनेल पालथं घातलं. मागचा पत्रा सुरीने उचकटला.

"मावशी! अहो मावशी, काय करताय? प्रदर्शनाला..."

"गप बस, ओस्मानी. हंसाची मान खाताना विचारलं होतंस मला?"

कात्रीने तिने जोडपट्ट्या कापायला सुरुवात केली. चर्र, चर्र. सुरीचं टोक चकतीखाली घातलं, सिलिकॉनचा ठिपका अलगद सोडवला, आणि पहिली चकती दोन बोटांवर उचलली, मोडू न देता.  ती मिग्दालियापाशी गेली.

"हात वर केला होतास ना? आता पुढे कर."

मिग्दालियाने हात पुढे केला. दुसरं काय करणार? नेरेइदाने चकती तिच्या तळव्यावर ठेवली.

"ही तुझी पर्यायी ऊर्जा. मूठ मिटू नकोस, तडकेल."

मग पुढची खुर्ची. मग त्याच्या पुढची. पंधराव्या वाढदिवसाचा केक वाटावा तशी ती वाटत सुटली, एकालाही न चुकवता, म्हाताऱ्यांना आधी, आणि प्रत्येकाला तेच सांगत, "मूठ मिटू नका." कुणी नको म्हणालं नाही. एक बाई रडायला लागली, तिला नेरेइदा म्हणाली, "पाणी नको पडू देऊस तिच्यावर." शेवटची तिने ओस्मानीच्या इस्त्रीच्या बाहीखालच्या हातात ठेवली. त्याच्या दुसऱ्या हातात प्रशस्तिपत्र होतं.

"लिही तुझ्या कागदावर," ती म्हणाली. तिचा आवाज आता चढला नव्हता, आणि त्यामुळेच शेवटच्या रांगेपर्यंत ऐकू गेला. "या गल्लीत आता घरटी पर्यायी ऊर्जा आहे. नाहीतर लिही, कुणाकडेच नाही. दोन्ही खरंय. कुठल्या गटात टाकायचं ते ठरव, आणि या वेळी कुणाच्या तरी घरात घुसण्याआधी ठरव."

तिने आपली खुर्ची उचलली आणि आत गेली.

अंधार पडत आला होता. वीज नव्हतीच. फेर्मिन घामाने निथळत होता. तिने त्याला कुशीवर वळवलं, पाठ पुसली, त्याच्यामागे बसली आणि बिस्किटाच्या खोक्याचा पुठ्ठा घेऊन वारा घालायला लागली.

"गे... ले?" त्याने विचारलं.

तिने खिडकीतून पाहिलं. कुणी गेलं नव्हतं. माणसं खुर्च्यांवर तशीच बसली होती. तळवा उघडा, गुडघ्यावर टेकवलेला, आणि त्यावर एकेक काळी चकती. उठायचं तर खुर्ची उचलायला हात मोकळा हवा, आणि चकती तर त्या अंधारात कुठे ठेवता येईना. ओस्मानीही तसाच उभा होता.

"नाही. बसलेत."

फेर्मिनच्या घशातून आवाज आला. हसला असावा. मग बाहेरून मिग्दालियाची हाक आली, हलकी, बाळ झोपलं असल्यासारखी.

"नेरे... अगं, ही ठेवायची कुठे?"

नेरेइदा वारा घालत राहिली. उजवा खांदा ठणकायला लागला होता. तिने पुठ्ठा डाव्या हातात घेतला.